धुरेवरचा माणूस : शर्यत, संमती आणि जबाबदारी

'धुरा' हा शब्द आजच्या मराठीत बहुधा पक्षाची, संस्थेची किंवा घराची असतो. 'धुरीण' आणि 'धुरंधर' ही तिचीच भावंडे. त्यांचीही वस्ती आता सभा-संमेलनांच्या अहवालांत. संस्कृत 'धुर्' म्हणजे जू, ओझे ओढणाऱ्या जनावराच्या खांद्यावर येणारा गाडीचा भाग. शंकरपटाच्या मैदानात मात्र ही शब्दकुळी आपल्या मूळ जागी टिकून आहे. मराठवाडा-विदर्भात पटाची जोडी हाकणाऱ्याला 'धुरकरी' म्हणतात. हलक्या छकड्यावर, बसायला जेमतेम जागा, हाती कासरा, पुढे दोन उधळलेले बैल आणि दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, एवढ्यात त्याचा खेळ काही सेकंदांत संपतो. या काही सेकंदांत अपघात झाला तर त्याचे उत्तर कोणी द्यायचे, हा या लेखाचा विषय आहे.

गेल्या दीड दशकात बैलांच्या शर्यतींवर जितके कायदेशीर लेखन झाले तितके क्वचितच एखाद्या ग्रामीण खेळावर झाले असेल. परंतु त्या सर्व वादाचा नायक बैल होता. त्याच्या वेदना, त्याचा स्वभाव, त्याचे हक्क यांची चर्चा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेली आणि ती जायलाच हवी होती. छकड्यावरचा माणूस आणि मैदानाच्या कडेला उभा असलेला माणूस मात्र या वादात जवळजवळ आलाच नाही. त्याच्याविषयी कायदा काय म्हणतो हे पाहायचे तर फार मागे जावे लागते आणि आजूबाजूच्या खेळांतही डोकावावे लागते.

मागे जाण्याची सुरुवात धर्मशास्त्रापासून करू. मनुस्मृतीचे दहन २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला का झाले हे मराठी वाचकाला सांगायला नको. त्या ग्रंथातल्या न्यायाला विषमतेचा पाया आहे. तरीही कायद्याच्या इतिहासाचे साधन म्हणून तो वाचावा लागतो, आणि आपल्या विषयापुरते त्यात आश्चर्यकारक तपशील सापडतात. अठरा व्यवहारपदांत द्यूत आणि समाह्वय यांची जोडी येते. निर्जीव वस्तूंनी खेळले जाते ते द्यूत आणि सजीव प्राण्यांना झुंजवून किंवा पळवून पैज लावली जाते तो समाह्वय, असा भेद मनूने केला आहे. त्याने दोहोंवर बंदी घातली. याज्ञवल्क्याने मात्र द्यूत राजाच्या देखरेखीखाली, ठरावीक हिस्सा घेऊन चालू द्यावे असे म्हटले आणि तोच नियम प्राण्यांच्या पैजेलाही लावला. बंदी की नियमन, हा वाद म्हणजे २०११ सालचा शोध नव्हे.

याहून महत्त्वाचा भाग मनूच्या आठव्या अध्यायात आहे. रस्त्यावर गाडीने इजा झाली तर दंड कोणाला, याची तेथे बारकाईने वाटणी केली आहे. दहा प्रसंगी दंड नाही : वेसण तुटली, जू मोडले, गाडी आडवी गेली, मागे रेटली गेली, आस मोडला, चाक मोडले, बांधणीच्या वाद्या तुटल्या, जुपणी तुटली, कासरा तुटला, किंवा हाकणाऱ्याने 'बाजूला हो' असे ओरडून सांगितले होते. या दहांच्या बाहेर दोष हाकणाऱ्याच्या अकुशलतेचा असेल तर दंड गाडीच्या मालकाला, दोनशे पणांचा. हाकणारा कुशल असेल तर दंड त्याचा त्यालाच. आणि हाकणारा अकुशल आहे हे दिसत असूनही जे गाडीत बसले त्यांनाही प्रत्येकी शंभर पण.

आजच्या भाषेत मांडायचे तर येथे चार तत्त्वे एकत्र आली आहेत. वस्तूचा आकस्मिक बिघाड हा दोष नव्हे. दिलेला इशारा जबाबदारी कमी करतो. अकुशल माणसाच्या हाती गाडी देणारा मालक त्याच्या चुकीला उत्तरदायी असतो. आणि धोका दिसत असताना जो त्यात सामील होतो त्याच्याकडेही काही दोष येतो. पुढे याज्ञवल्क्याने आणखी एक नियम दिला. शिंगांच्या किंवा सुळ्यांच्या जनावरापासून माणसाला सोडवणे शक्य असूनही मालकाने सोडवले नाही तर त्याला दंड आहे, आणि सापडलेल्या माणसाने मदतीसाठी हाक मारली असेल तर दंड दुप्पट. याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिणारा विज्ञानेश्वर चालुक्य विक्रमादित्याच्या कल्याणीत राहत होता. ती कल्याणी म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण. बालाघाटाच्या रांगेत राहणाऱ्या आम्हाला हा ग्रंथकार शेजारचाच वाटतो.

वसाहतकाळात हा प्रश्न नव्या शब्दांत आला. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ मध्ये मसुदा तयार केलेली भारतीय दंडसंहिता १८६० मध्ये मंजूर झाली. तिच्या ८७व्या कलमात खेळातल्या जोखमीचा विचार आहे. अठरा वर्षांवरील व्यक्तीने इजा सोसण्यास संमती दिली असेल, आणि कृती मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडवण्याच्या हेतूने किंवा ती संभवते हे माहीत असताना केलेली नसेल, तर त्या इजेचा गुन्हा होत नाही. उदाहरण दिले आहे ते दोघांनी करमणुकीसाठी तलवारबाजी खेळण्याचे. खेळ सचोटीने झाला तर लागलेल्या जखमेबद्दल तक्रार नाही. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली, तरी हे कलम २५व्या क्रमांकाने कायम आहे.

या कलमात तीन कुंपणे आहेत आणि तिन्ही आपल्या विषयाला लागू पडतात. संमती देणारा अठरा वर्षांचा हवा. संमती मृत्यू किंवा गंभीर दुखापत संभवते अशा कृतीपर्यंत पोहोचत नाही. आणि संमती उघड किंवा गृहीत असू शकते, म्हणजे सही केलेला कागद ही तिची अट नाही, तसा तो तिचा निर्णायक पुरावाही नाही. बीडपुरती ऐतिहासिक गंमत अशी की हे कलम येथे उशिरा आले. जिल्हा निजामाच्या संस्थानात होता आणि संस्थानाची दंडसंहिता वेगळी होती. १७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान भारतात आले, आणि १९५१ च्या 'ब' वर्ग राज्यांसंबंधीच्या अधिनियमाने भारतीय दंडसंहिता येथे लागू झाली. इंग्रजी तलवारबाजांचा दाखला बीडच्या धुरकऱ्याला मिळाला तो तेव्हा.

वसाहतीच्या कायद्याने शर्यतींमध्ये आणखी एक प्रतवारी केली. १८७२ च्या करार कायद्यातील ३०वे कलम पैजेचे करार निरर्थक ठरवते, पण एक अपवाद ठेवते : घोड्यांच्या शर्यतीतील पाचशे रुपये किंवा त्याहून अधिक मोलाच्या बक्षिसासाठी दिलेली वर्गणी. मुंबई इलाख्यात घोड्यांच्या मैदानांना परवाने देणारा कायदा १९१२ मध्ये झाला. बैलांच्या शर्यतीला महाराष्ट्रात अशी कायद्याची चौकट मिळायला २०१७ साल उजाडावे लागले. परवाना हा शब्द आपल्याला जाचक वाटतो, परंतु परवान्याबरोबर नाव, पत्ता, आयोजक आणि हिशेब येतो. ज्या खेळाला परवाना नाही त्यात अपघातानंतर बोट दाखवायलाही कोणी सापडत नाही. साहेबाच्या घोड्याला कायद्याने ओळख दिली आणि कुणब्याचा बैल जत्रेच्या धुळीत सोडून दिला, याचा हा दुसरा, कमी बोलला गेलेला परिणाम.

या काळात शर्यतींच्या जगात मोटार आली आणि जोखमीचा कायदा खऱ्या अर्थाने तिच्याभोवती वाढला. इंग्लंडमधील ब्रुकलँड्सची शर्यतवाट १९०७ पासून वापरात होती. १९३० मध्ये तेथे दोन मोटारी एकमेकींना लागल्या आणि एक गाडी कठडा ओलांडून प्रेक्षकांत गेली. हॉल नावाच्या जखमी प्रेक्षकाने क्लबवर दावा लावला. अपील न्यायालयाने क्लबच्या बाजूने निर्णय दिला. इतक्या वर्षांत असा प्रसंग घडला नव्हता, क्लबने वाजवी काळजी घेतली होती, आणि शर्यत पाहायला येणारा माणूस तिच्या स्वाभाविक धोक्याची जाणीव ठेवूनच येतो, असा त्या निर्णयाचा आशय. रोमन कायद्यातून आलेले 'व्होलेन्टी नॉन फिट इन्ज्युरिया' हे तत्त्व, म्हणजे राजीखुशीने स्वीकारलेल्या धोक्याबद्दल नुकसानीचा दावा नाही, प्रेक्षकाच्या बाकापर्यंत पोहोचले ते असे.

परंतु त्या निर्णयाची दुसरी बाजू विसरली जाते. आयोजक विमेदार नव्हे, हे खरे. पण वाजवी काळजीचे कर्तव्य त्याच्यावर आहेच, आणि जो धोका आधी कळलेला आहे तो 'अकल्पित' राहत नाही. एकदा अपघात झाला की पुढच्या वर्षी तीच सबब चालत नाही. ११ जून १९५५ रोजी फ्रान्समधील ल मां येथे एक मोटार प्रेक्षकांवर आदळून ऐंशीहून अधिक माणसे मेली, तेव्हा स्वित्झर्लंडने वर्तुळाकार मार्गावरच्या मोटारशर्यतींवर बंदीच घातली. अन्य देशांनी मैदाने बदलली, प्रेक्षक मागे नेले, मधे भिंती उभारल्या. कायदा आणि कुंपण दोन्ही अपघातांतूनच शिकत गेले.

भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १८९वे कलम राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी वेगाची शर्यत किंवा चाचणी करण्यास मनाई करते. मूळ शिक्षा एक महिन्यापर्यंतचा कारावास किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड अशी होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती तीन महिने व पाच हजार रुपये आणि पुन्हा गुन्हा केल्यास एक वर्ष व दहा हजार रुपये अशी वाढवली. त्याहून परिणामकारक तरतूद विम्याच्या प्रकरणात लपली आहे. तृतीय पक्षाचा विमा प्रत्येक वाहनाला सक्तीचा आहे, पण पॉलिसीत तशी अट असेल तर 'आयोजित शर्यत व वेगचाचणी' यांसाठी वाहन वापरले होते हा बचाव कायदा विमा कंपनीला देतो. म्हणजे ज्या क्षणी धोका सर्वाधिक, त्या क्षणी विमा अंग काढून घेऊ शकतो.

गेल्या काही वर्षांत पश्चिम महाराष्ट्राच्या जत्रांत ट्रॅक्टर-ट्रॉली उलटी चालवण्याच्या स्पर्धा लोकप्रिय झाल्या आहेत. घड्याळ लावून ट्रॉलीसकट मागे जायचे, खुणांना धक्का लागू द्यायचा नाही. कौशल्य खरेच वाखाणण्यासारखे असते. परंतु ट्रॅक्टर हे मोटार वाहन आहे, जत्रेचे मैदान लोकांच्या वावराचे ठिकाण आहे, आणि घड्याळ लावले की ही वेगाची चाचणी नव्हे असे म्हणणे अवघड होते. हौशी स्पर्धेत उतरणाऱ्या शेतकऱ्याला आपली पॉलिसी त्या मैदानाच्या कडेला थांबू शकते याची कल्पना असते का? आमच्या समजुतीप्रमाणे बहुतेकांना नसते.

नियमबद्ध मोटारखेळातही सर्व सुरळीत आहे असे नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये राजस्थानातील बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय रॅलीसाठी बंद केलेल्या मार्गावर एक दुचाकी आली आणि स्पर्धेतील गाडीच्या धडकेने एकाच कुटुंबातील तिघे दगावले. चालक आणि आयोजक यांच्यावर पोलिसांनी गुन्हा नोंदवला. ज्या रस्त्याने रोज जायचे तो आज आपला नाही, हे गावकऱ्याला कोणी, कोणत्या भाषेत, किती स्पष्ट सांगितले होते, हा त्या प्रकरणातला खरा प्रश्न. ऑगस्ट २०२३ मध्ये चेन्नईजवळच्या सर्किटवर तेरा वर्षांचा एक दुचाकीस्वार शर्यतीत मृत्युमुखी पडला. तेरा वर्षांच्या मुलाची संमती म्हणजे काय? अज्ञानाचा करार मुळातच निरर्थक असतो हे प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरी बीबी खटल्यात सांगितले आहे. आईवडिलांनी सही केली तरी जीव मुलाचा असतो.

आता पुन्हा बैलांकडे येऊ. ११ जुलै २०११ रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने प्रदर्शन व प्रशिक्षणास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी नागराज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींवरही बंदी कायम केली. २०१७ मध्ये राज्याने १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती करून शर्यतींना वाट करून दिली, पण त्याच वर्षी उच्च न्यायालयाने ती रोखली. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह तात्पुरती परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली. नियमांनी धावपट्टीला हजार मीटरची कमाल मर्यादा घातली, जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि अनामत सक्तीची केली, जनावरांची पशुवैद्यकीय तपासणी घातली, चाबूक-काठी-विजेचा धक्का यांना मनाई केली. घटनापीठाने नियमांच्या काटेकोर अंमलबजावणीची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली.

ही सर्व इमारत उभी आहे ती प्राण्यांच्या क्रूरतेविरुद्धच्या कायद्याच्या पायावर. म्हणून तिच्यात माणूस येतो तो मुख्यतः संभाव्य गुन्हेगार म्हणून. बैलाला टोचणारा, मारणारा, उपाशी ठेवणारा माणूस तिला दिसतो. छकड्यावरून फेकला गेलेला माणूस दिसत नाही. हा त्या कायद्याचा दोष नव्हे, त्याचे काम वेगळे आहे. दोष असेल तर आपला, कारण बैलाचा प्रश्न सुटला म्हणजे शर्यतीचा प्रश्न सुटला असे आपण धरून चाललो.

शर्यतीचे प्रकार पाहिले तर जोखमीची वाटणी किती वेगवेगळी आहे हे कळते. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात घाटात बैलगाडा धावतो त्यावर हाकणारा नसतो. पुढे घोडी, मागे बैल, आणि सुटलेला गाडा कोणाच्याच हाती नाही. तेथे धोका मुख्यतः गाडा सोडणाऱ्यांना आणि कडेच्या प्रेक्षकांना. सातारा-सांगली-कोल्हापूरकडच्या छकड्याच्या मैदानात आणि आमच्याकडच्या शंकरपटात हाकणारा असतो, म्हणजे धोक्याचा पहिला वाटेकरी तोच. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरच्या विख्यात पटात स्त्रियाही जोड्या हाकतात. आणि बऱ्याचदा जोडी एकाची असते, हाकणारा दुसराच. बक्षीस व कीर्ती जोडीच्या मालकाची. धुरकऱ्याला बिदागी मिळते, फेटा मिळतो आणि हाड मोडले तर तेही त्याचेच.

अपघातानंतर त्याचे कुटुंब कोठे जाऊ शकते? बैलगाडी हे मोटार वाहन नव्हे. तिला सक्तीचा विमा नाही आणि मोटार अपघात न्यायाधिकरणाचे तुलनेने सोपे दारही नाही. राहिला दिवाणी दावा. मृत्यू झाला असेल तर १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा वारसांना भरपाई मागण्याचा हक्क देतो, पण मुदत दोन वर्षांची, कोर्ट फी वेगळी, आणि निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार वारसांवर. प्रतिवादी कोण? 'यात्रा कमिटी'. नोंदणी नसलेल्या कमिटीला कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्तित्व नसते. म्हणजे दावा लावायचा तो सरपंचावर, चुलत्यावर, बांधाशेजाऱ्यावर. गावात राहायचे असेल तर असा दावा कोण लावतो? फौजदारी बाजूला निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याची शिक्षा नव्या संहितेच्या १०६व्या कलमाने दोनवरून पाच वर्षांपर्यंत वाढवली आहे, पण तिने घरात पैसा येत नाही.

उरतो शासनाचा सानुग्रह. शेतकऱ्यांच्या अपघातासाठी महाराष्ट्रात जी योजना आहे तिला बीडचे सुपुत्र गोपीनाथ मुंडे यांचे नाव आहे. त्यांचा स्वतःचा मृत्यू ३ जून २०१४ रोजी दिल्लीत रस्ता अपघातात झाला. या योजनेतून मृत्यूसाठी दोन लाख रुपये मिळतात. सर्पदंश, वीज पडणे, विजेचा धक्का, पाण्यात बुडणे, जनावरामुळे झालेली जखम असे ग्रामीण मृत्यूचे जवळजवळ सर्व दरवाजे तिच्या यादीत आहेत. जे अपघात वगळले आहेत त्यांत आत्महत्या, अमली पदार्थांच्या अमलाखालील अपघात आणि युद्ध यांच्या रांगेत एक नोंद आढळते : मोटार शर्यतीतील अपघात. बैलांच्या शर्यतीचे नाव त्यात नाही. म्हणून धुरकऱ्याच्या विधवेचा अर्ज मंजूर व्हावा असे आम्हाला वाटते. परंतु तो शेतकरी खातेदार किंवा त्याच्या कुटुंबातला असेल तरच. धुरकरी भूमिहीन असला, आणि अनेकदा तो असतो, तर ही यादी त्याच्यासाठी लिहिलेलीच नाही.

बीडमध्ये या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. नेकनूर-हिरापूरच्या बैलबाजारांचा हा जिल्हा ऊसतोड मजुरांचाही जिल्हा आहे. दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन येथली जोडपी कारखान्यांकडे निघतात, आणि त्यांतले अनेक जण बैलगाडीने ऊस वाहतात. रात्री-अपरात्री रस्त्यावर, उसाने लादलेल्या गाडीवर बसून ज्याने हिवाळा काढला त्याला पटातल्या काही सेकंदांचा धोका क्षुल्लक वाटला तर नवल नाही. 'राजीखुशीने स्वीकारलेला धोका' हे तत्त्व ब्रुकलँड्सच्या तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला जसे लागू होते तसे या माणसाला लागू होते काय? ज्याच्या रोजच्या कामाला विमा नाही त्याने खेळातला धोका 'निवडला' असे म्हणताना निवड या शब्दाचा अर्थ पातळ होतो. इज्जत, मित्रांची भीड, मालकाचा शब्द आणि बिदागीची गरज यांतून आलेला होकार कायद्याच्या कागदावर संमतीच दिसतो. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र त्या होकाराच्या मागचे वाक्य ऐकू यायला हवे. आपल्या ग्रामीण कथांत आणि चित्रपटांत शर्यत बहुधा इज्जतीची असते आणि कथा गुलालाबरोबर संपते. जायबंदी माणसाचे पुढचे वर्ष तिच्यात क्वचितच येते.

म्हणून शर्यतीच्या पत्रकातल्या 'अपघात झाल्यास कमिटी जबाबदार राहणार नाही' या ओळीकडे जरा थांबून पाहावे. कायद्याने तिचे वजन फार नाही. फौजदारी जबाबदारी अशा वाक्याने टळत नाही, ज्याने ती वाचलीच नाही त्या प्रेक्षकावर ती बंधनकारक नाही, आणि सार्वजनिक धोरणाविरुद्धचा करार टिकत नाही. ध्वनिक्षेपकावरून वारंवार दिली जाणारी 'मैदान मोकळे करा'ची हाक हीदेखील मनूच्या दहाव्या अपवादाची आजची आवृत्ती आहे. पण मनूचा अपवाद रस्त्याने जाणाऱ्या गाडीसाठी होता. लोकांना आवतण देऊन, बक्षिसे जाहीर करून, गाडी मुद्दाम वेगाने सोडायची आणि मग 'बाजूला व्हा' म्हणायचे, हा वेगळा व्यवहार आहे. ज्याने बोलावले त्याने उभे राहायची जागाही दिली पाहिजे.

हे अशक्य नाही, याचा दाखला दहीहंडीत आहे. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील गोविंदांना मनाई करून थरांना वीस फुटांची मर्यादा घातली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिथिल करण्यास नकार दिला. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने वयाची अट चौदावर आणली आणि उंचीचा प्रश्न शासनावर सोपवला. या निर्णयांविषयी मतभेद असोत. पण त्या वादाच्या केंद्रस्थानी माणसाचे शरीर होते. परिणामी २०२२ मध्ये शासनाने दहीहंडीला साहसी खेळ म्हणून मान्यता देताना मृत गोविंदाच्या वारसांना दहा लाख रुपयांचे संरक्षण जाहीर केले. मुंबई-ठाण्याच्या थरावरचा मुलगा जे मिळवू शकला ते धुरकऱ्याला का मिळू नये? शर्यतीच्या परवानगीच्या अर्जात बैलाच्या तपासणीबरोबर धुरकऱ्याचे नाव, वयाचा दाखला आणि विम्याचा क्रमांक लिहिण्यासाठी तीन रकाने वाढवायला फार मोठा कायदा लागत नाही. कठड्याचे अंतर आखायला आणि नोंदणी नसलेल्या कमिटीला परवानगी न द्यायलाही नाही.

मराठीने या विषयासाठी दोन चांगले शब्द जपले आहेत. 'जोखीम' म्हणजे केवळ धोका नव्हे; जुन्या व्यवहारात दुसऱ्याने सांभाळायला दिलेल्या मौल्यवान वस्तूलाही जोखीम म्हणत. आणि 'जबाबदार' म्हणजे फारसी वळणाने सरळ अर्थ घ्यायचा तर जो जवाब देतो तो. या दोन शब्दांतच न्यायाचे सूत्र आहे. धुरकरी छकड्यावर चढतो तेव्हा त्याचा जीव ही मालकाच्या, कमिटीच्या आणि परवानगी देणाऱ्या कचेरीच्या हाती दिलेली जोखीम असते. तिचे काही झाले तर जवाब त्यांनी द्यायचा. पत्रकाच्या तळाशी छापलेली एक ओळ तो त्यांच्या वतीने देऊ शकत नाही.